मानेतली गाठ आणि जिभेचं मूळ



कडगंचीला माझ्या चुलत बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाच्या मानेवर, अगदी मधोमध, बोराएवढी गाठ आली. घरात मतं पडली. कुणी म्हणालं गालगुंड, कुणी म्हणालं थायरॉईड, एका काकांनी लेप सुचवला. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी मुलाला जीभ बाहेर काढायला सांगितली. जिभेबरोबर गाठ वर सरकली! "आधी सोनोग्राफी करा, मग ऑपरेशनचं बघू," ते म्हणाले. संध्याकाळी बहिणीचा फोन आला, "दादा, गाठ मानेवर, मग जिभेचा काय संबंध?" मी कॉम्प्युटरवाला, पण प्रश्न डोक्यात बसला आणि वाचायला घेतलं.

संबंध जन्माआधीचा आहे. गर्भधारणेपासून चौथ्या आठवड्यात गर्भाला मान अशी नसतेच. डोक्याखाली दोन्ही बाजूंना एकामागे एक कमानी उमटतात. माशांमध्ये अशाच कमानींपासून कल्ले होतात. आपल्याला कल्ले कधीच नसतात. आपल्यात त्याच कमानींतून जबडा, कानातली तीन इवली हाडं आणि स्वरयंत्राच्या कूर्चा घडतात. जुना प्रोग्राम न टाकता त्यावरच नवं काम चढवायचं, हे आमच्या धंद्यातही रोजचंच.

थायरॉईड तर मानेत जन्मतच नाही. ती जिभेच्या मुळाशी उगवते आणि हळूहळू खाली उतरत सातव्या आठवड्याच्या सुमारास श्वासनलिकेपुढे येऊन बसते. तिच्या वाटेवरची बारीक नळी नंतर विरून जाते. कधी ती पूर्ण विरत नाही. तिच्यात द्रव साठतो आणि गाठ दिसते. वाट जिभेच्या मुळापासूनची, म्हणून जीभ बाहेर आली की गाठही हलते.

मग सोनोग्राफी कशाला? काही मुलांत थायरॉईड वाटेतच अडकलेली असते. वरून दिसते ती गाठ, पण शरीरातली एकुलती एक थायरॉईड तीच. ती कापली तर जन्मभर गोळी. भाच्याची थायरॉईड जागेवर होती, म्हणून ऑपरेशन झालं. गाठीसोबत नळी आणि जिभेखालच्या हाडाचा मधला तुकडाही काढला. ही पद्धत अमेरिकेतल्या डॉ. सिस्ट्रंक यांनी 1920 साली मांडली. नुसती गाठ काढली तर ती पुन्हा येण्याची भीती जास्त.

या प्रवासातली दुसरी गडबड मात्र डोळ्यांना दिसत नाही. थायरॉईड तयारच झाली नाही किंवा नको तिथे थांबली, तर बाळाला तिचं संप्रेरक पुरत नाही. जन्मताना बाळ बहुतेक वेळा छान गुटगुटीत दिसतं. नुकसान आत, मेंदूच्या वाढीत होतं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर ते टाळता येतं. औषध म्हणजे रोजची एक छोटी गोळी. निदान होतं टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून.

गर्भाची स्वतःची थायरॉईड तिसऱ्या महिन्याच्या सुमारास कामाला लागते. तोवर बाळाची सगळी भिस्त आईवर. म्हणून घरात पाळणा हलणार असेल तर आयोडीनचं मीठ वापरा, आईची थायरॉईडची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या, आधीची गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका. बाळ झाल्यावर दवाखान्यातून निघण्याआधी एवढं विचारा, "टाचेची तपासणी झाली का?" बारशाची यादी नंतर करता येईल.