पदवीधराचे कौशल्य कोणत्या मापाने मोजावे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही त्या काळी अध्यापनही करीत होतो व एका आयुर्वेद महाविद्यालयात पंचकर्माच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो होतो. कटिशूलाच्या एका वृद्ध रुग्णाजवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला निरूह बस्तीविषयी विचारले. द्वादशप्रसृतिक बस्तीचे प्रमाण, द्रव्ये मिसळण्याचा क्रम, योग, अयोग व अतियोगाची लक्षणे, सारे त्याने अस्खलित सांगितले. ‘आता बस्ती द्यायची आहे असे समजून बाबांना निजवा,’ असे म्हणताच त्याने त्यांना उजव्या कुशीवर निजविले. बाहेर चाळीस विद्यार्थी ताटकळत होते, भोजनाची वेळ टळून गेली होती. आम्ही त्याला उत्तीर्ण केले.

निरनिराळ्या देशांतील पदवीधरांची कौशल्ये एकाच मापाने मोजण्याच्या प्रयत्नांविषयी वाचताना हा प्रसंग आम्हांस वारंवार आठवतो.

या प्रयत्नांतील सर्वांत मोठा प्रयत्न आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने केला. ‘अहेलो’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या गेलेल्या या व्यवहार्यता-अभ्यासात १७ देशांतील सुमारे २३,००० विद्यार्थी सहभागी झाले. भारत त्यात नव्हता. पदवीच्या अखेरच्या टप्प्यावरील विद्यार्थ्यांची सामान्य विचारकौशल्ये, अर्थशास्त्र व स्थापत्य अभियांत्रिकी अशा तीन शाखांत संगणकावर परीक्षा झाली. २०१२-१३ मध्ये अहवाल निघाले. पुढचा मुख्य अभ्यास मात्र झालाच नाही. अमेरिका व कॅनडातील विद्यापीठांच्या संघटनांनी २०१५ मध्ये उघड विरोध केला आणि पुरेशा देशांच्या पाठिंब्याअभावी योजना बारगळली. प्रत्येक संस्थेचे ध्येय निराळे, भाषा निराळी, तेव्हा एकच माप सर्वांना कसे लावावे, हा आक्षेप होता. त्यात तथ्य आहे. तथापि क्रमवारीत आपण खाली दिसू ही धास्तीही त्यामागे असावी, असा आमचा तर्क आहे. शिवाय ज्या परीक्षेचे गुण कोठेच धरले जात नाहीत, तीत विद्यार्थ्याने जीव का ओतावा, हाही प्रश्न उरतोच.

वैद्यकाच्या क्षेत्रातील एक प्रयोग आम्हांस अधिक उद्बोधक वाटतो. जगात कोठेही शिकलेल्या डॉक्टरला किमान काय आले पाहिजे, याची ७ गटांत विभागलेली ६० अपेक्षांची यादी न्यूयॉर्कच्या एका संस्थेने केली होती. २००३ मध्ये चीनमधील आठ अग्रगण्य वैद्यकीय महाविद्यालयांत ती प्रत्यक्ष लावून पाहण्यात आली. १५० बहुपर्यायी प्रश्न होते. त्याखेरीज १५ स्थानकांची प्रात्यक्षिक परीक्षा होती व अध्यापकांनी विद्यार्थ्याचे वर्तन पाहून भरावयाचा तक्ताही होता. स्थानकांची ही पद्धत स्कॉटलंडमधील डंडी येथे हार्डेन यांनी १९७५ मध्ये मांडली. प्रत्येक स्थानकावर एक नेमके काम, ठरलेली वेळ, हातात निरीक्षणाची यादी आणि सर्व विद्यार्थ्यांना तेच काम. आमचा तो विद्यार्थी प्रश्नपत्रिकेत अग्रभागी राहिला असता, बस्तीच्या स्थानकावर मात्र अडकला असता. शिवाय आमच्या भुकेचा निकालाशी संबंध उरला नसता!

हे सारे पाश्चात्त्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने सुश्रुताचा योग्यासूत्रीय अध्याय पुन्हा उघडावा. छेदनाचा अभ्यास कोहळा, दुधी व काकडीवर, वेधनाचा मृत पशूंच्या सिरांवर व कमळाच्या देठांवर, बंधनाचा वस्त्रादिकांच्या पुतळ्यावर, बस्तीचा पाण्याने भरलेल्या घटाच्या छिद्रावर. हात तयार झाल्यावाचून रुग्णाला स्पर्श नाही, हा दंडक आपल्या घरचाच आहे. चरकाने वैद्याचे चार गुण सांगितले: श्रुत, दृष्टकर्मता, दाक्ष्य व शौच. लेखी परीक्षा यांपैकी पहिल्यालाच पोहोचते. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयुर्वेद-प्रशिक्षणाचे जे मानदंड प्रसिद्ध केले, त्यांतही भर अभ्यासक्रमावर व तासांवर आहे. तास भरले म्हणजे हात तयार झाला, असे आपल्यापैकी कोणता वैद्य म्हणेल?

नाडी, प्रकृती यांचे ज्ञान मोजता येत नाही, हा आपल्या बांधवांचा नेहमीचा युक्तिवाद. आम्हांसही तो अनेक वर्षे पटत असे. आता पटत नाही. एकाच रुग्णाची प्रकृती दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे लिहून ठेवावी व मग ताडून पाहावी, एवढे तरी करता येते. भेद आढळला तर तो किती व कोठे हे कळेल. ते कळून घेण्याचीच आपल्याला भीती वाटते की काय, अशी शंका येते.

२०२० च्या राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग कायद्यात निर्गम परीक्षेची तरतूद आहे. ती केवळ बहुपर्यायी प्रश्नांची राहिली, तर उजव्या कुशीवर निजविणारेही सुखाने पार पडतील. आपल्या संघटनेने स्वतःहून आठ-दहा स्थानकांची एक समान प्रात्यक्षिक परीक्षा रचावी, असे आम्ही सुचवितो. बस्तीसाठी रुग्णाची स्थिती, क्षारसूत्र बदलणे, दोन सारख्या दिसणाऱ्या मुळ्यांतील भेद ओळखणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छातीत दुखत असलेल्या रुग्णाला वातशूल समजून घरी न धाडता तातडीने रुग्णालयात पाठविणे. या शेवटच्या स्थानकावर चूक झाली, तर इतर सर्व गुण व्यर्थ धरावेत. आपल्या बी.ए.एम.एस. नावाचीच पदवी श्रीलंका व नेपाळ येथेही दिली जाते. तेथील इच्छुक संस्थांनी तीच स्थानके आपापल्या भाषेत लावावीत. क्रमवारी प्रसिद्ध करू नये. प्रत्येक महाविद्यालयास केवळ त्याचा स्वतःचा निकाल कळवावा, म्हणजे ‘अहेलो’ची गत होणार नाही.

खर्च फारसा नाही. परीक्षकांचा वेळ लागेल, आणि आपल्याच विद्यार्थ्याला ‘अजून नाही’ असे सांगण्याची तयारी लागेल. ती त्या दिवशी आमच्यापाशी नव्हती. त्या विद्यार्थ्याला यथाकाल नोंदणी क्रमांक मिळाला असेल. तो आता कोठे व्यवसाय करतो, हे आम्हांस ठाऊक नाही.