एंडेव्हर कुणाच्या काठावर दुरुस्त झाले?

‘कांगारू म्हणजे मला ठाऊक नाही’ हा विनोद दर दोन महिन्यांनी कुणीतरी नव्याने पाठवतो आणि आपण इतिहासप्रेमी मंडळीही त्यावर हसतो. हा विनोद खोटा आहे. त्यामागची वृत्ती त्याहून वाईट आहे, म्हणून आज हा धागा.

११ जून १७७० च्या रात्री जेम्स कुकचे ‘एंडेव्हर’ जहाज ग्रेट बॅरियर रीफच्या प्रवाळखडकावर आदळले. हे मुळात व्हिट्बीचे कोळसावाहू जहाज. तळ सपाट, बांधणी दणकट. सहा तोफा, तळातले लोखंड-दगड, पिंपे, जे जड ते समुद्रात गेले. सुमारे तेवीस तासांनी, दुसऱ्या मोठ्या भरतीला, जहाज सुटले.

पुढचे श्रेय आपली पुस्तके सरळ कप्तानाला देऊन मोकळी होतात. वास्तविक भोक बुजवण्याची युक्ती जोनाथन मंकहाउस या तरुण मिडशिपमनची. दोरखंडाचे उसवलेले तंतू आणि लोकर एका शिडावर चिकटवायची, ते शीड दोरांनी तळाखाली ओढायचे. आत घुसणाऱ्या पाण्याच्या जोरानेच ते भोकावर घट्ट बसते. चारांपैकी तीनच पंप चालत होते आणि त्यांवर खलाशी, अधिकारी, निसर्गशास्त्रज्ञ सगळे राबत होते. जहाज काठावर ओढल्यावर दिसले की प्रवाळाचा एक मोठा तुकडाच भोकात अडकून राहिला होता. तो निघाला असता तर हा धागा लिहायचे कारणच उरले नसते!

आता खरा मुद्दा. जहाज ज्या नदीच्या मुखाशी लागले, तिला कुकने जहाजाचेच नाव दिले. जणू तिला आधी नाव नव्हतेच! ती गुगु यिमिथिर लोकांची नदी होती. तिथे जवळजवळ सात आठवडे सुतारकाम, लोहारकाम चालले, ४ ऑगस्टपर्यंत. यजमान आले, मासे दिले-घेतले गेले, शब्द विचारले गेले. ‘गंगुरू’ हा त्यांतलाच एक. एका विशिष्ट जातीच्या मोठ्या कांगारूचे नाव. १८२० मध्ये फिलिप पार्कर किंग तिथे पोहोचला, तेव्हा त्याला दुसराच शब्द ऐकू आला आणि शंका रुजली. १९७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलंड यांनी त्या लोकांत राहून अभ्यास केला आणि मूळ नोंद बरोबर असल्याचे दाखवले. उत्तर देणाऱ्याला उत्तर ठाऊक होते. आपण मात्र अडीचशे वर्षांनीही त्यालाच अडाणी ठरवतो.

१९ जुलैचा कासवांचा प्रसंग घ्या. खलाशांनी कासवे पकडून जहाजावर आणली होती. पाहुण्यांनी एक मागितले, नकार मिळाला. त्यांनी किनाऱ्यावर येऊन छावणीभोवतीचे गवत पेटवले. कुकने छर्‍यांची बंदूक झाडली, एकजण जखमी झाला. लोकप्रिय कथनात याचे नाव ‘हल्ला’. तो हल्ला होता, हे मी मान्य करत नाही. दुसऱ्याच्या पाण्यातून शिकार उचलावी आणि वाटा मागितल्यावर धक्के द्यावेत, याला कोणत्या गावात शिष्टाचार म्हणतात? त्यानंतर एक वृद्ध टोक नसलेला भाला घेऊन पुढे आला. खलाशांनी उचललेले भाले परत केले आणि समेट झाला. त्या भूमीवर रक्त सांडायचे नाही, असा आपला नियम होता, हे गुगु यिमिथिर वडीलधारी आजही सांगतात. मग त्या दिवशी कायदा पाळणारा पक्ष कोणता?

‘कुक खलनायक होता’ असे ओरडणाऱ्यांशीही माझे जमत नाही. हे सारे आपल्याला कळते ते त्याच्या आणि जोसेफ बँक्सच्या रोजनिशींमुळेच. समेटाची नोंद त्यांनी दडवली नाही.

पण पुढची तारीख वाचा: २२ ऑगस्ट १७७०. पझेशन बेटावर ध्वज उभारून कुकने सारा पूर्व किनारा ब्रिटनच्या राजाच्या नावे केला. वस्ती असल्यास रहिवाशांच्या संमतीने ताबा घ्यावा, असे नौदलाचे लेखी आदेश त्याच्याजवळ होते. ज्यांच्या काठावर जहाज तरंगायला लायक झाले, ज्यांच्याशी तो बोलला होता, भांडला होता, समेट करून बसला होता, त्यांना नदी सोडून तीन आठवडेही झाले नव्हते.