कानातला मळ काढणे हे शिकण्याचे काम
किहीमच्या समुद्रात डुंबून आल्यावर अनेकांच्या कानात दडे बसतात. आधीच साचलेला मळ पाण्याने फुगतो. मग काडी, हेअरपिन कानात जाते आणि मळ आणखी आत सरकतो. तो काढण्यासाठी आधी ओटोस्कोपने कान पाहावा लागतो. पडद्याला छिद्र असेल, तर पाणी मारणे धोक्याचे. थेंबांनी मळ मऊ करून कोमट पाण्याची धार पडद्यावर नव्हे, नळीच्या भिंतीवर सोडायची. गार पाण्याने चक्कर येते. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. मात्र ते व्याख्यानावर संपू नये. प्रत्यक्ष सराव आणि केंद्रात ओटोस्कोप मिळाला, तरच किहीमकरांची एवढ्यासाठीची अलिबागची फेरी वाचेल.