सात फुटांचे घर

इंग्लंडमधील कालव्यांवर बोटीचा वेग ताशी चार मैलांहून, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटरांहून अधिक ठेवता येत नाही. काठाला बांधलेल्या बोटी दिसताच तोही कमी करावा लागतो. तरीही जेमतेम सात फूट रुंदीच्या या लांबट बोटींनाच आज अनेकांनी आपले घर मानले आहे.

हे कालवे मुळात व्यापारासाठी खणले गेले. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांनी वर्स्लीच्या खाणींतील कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या साहाय्याने कालवा काढला. १७६१ साली तो सुरू झाला आणि मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. काठाने चालणारा एकच घोडा सुमारे २५ टन मालाची बोट ओढून नेत असे.

पुढे रेल्वे आली आणि वाहतुकीचे दर घसरले. टिकून राहण्यासाठी अनेक नावाड्यांनी भाड्याचे घर सोडून बायकामुलांना बोटीवर आणले. घरभाडे वाचले, मदतनिसाची मजुरीही वाचली. बोटीच्या मागच्या टोकाला असलेल्या दहा फूट लांबीच्या खोलीत शेगडी, बिछाना आणि सारे कुटुंब सामावे. कपाटाचे दार खाली पाडले की तेच जेवणाचे मेज होई. गृहिणी पितळी मुठी लखलखीत ठेवत. दारांवर गुलाब आणि किल्ले रंगविलेले असत. मात्र बोट थांबली की कमाई थांबे, त्यामुळे मुले कोणत्याही शाळेत फार दिवस टिकत नसत. १८७७ साली या बोटींसाठी कायदा झाला, तरी पुढच्या पिढ्यांतही अनेकांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. वडिलांनी जमेच्या बाजूस मांडलेली बचत मुलांच्या नावे खर्ची पडली होती.

आजचा बोटवासी बहुधा स्वखुशीने येथे राहतो. टाकीतले पाणी तो मोजून वापरतो, कारण नळ पुढच्या थांब्यावर असतो. हिवाळ्यात लाकूड-कोळशाची शेगडी सतत जागती ठेवावी लागते. बोट बांधण्याची कायमची जागा नसेल, तर साधारणपणे १४ दिवसांहून अधिक एका ठिकाणी राहता येत नाही. त्यामुळे शाळा आणि दवाखाना यांचा प्रश्न त्यालाही सुटलेला नाही. फरक इतकाच, की पूर्वीच्या नावाड्याला निवड नव्हती.

चढउतारावर लॉक लागतात. दोन दरवाजांमधील हौदात पाणी भरून बोट वर उचलायची किंवा पाणी सोडून ती खाली उतरवायची. डिव्हायझेसजवळ केन हिल येथे अशी २९ लॉक आहेत. ती ओलांडण्यात दिवसाचा मोठा भाग जातो. प्रत्येक वेळी वरचे हजारो लिटर पाणी खाली जाते. म्हणून कितीही घाई असली, तरी मागचे दरवाजे आणि झडपा नीट लावल्याखेरीज पुढे निघायचे नाही, हा तेथील शिरस्ता आहे. आपल्यामागून येणाऱ्या बोटीलाही पाणी पुरले पाहिजे.