पोरीला शिबिराला पाठवू का?



वडवणी तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र या आठवड्यात आले आहे. मजकूर आईचा आणि अक्षर सातवीतल्या लेकीचे. शाळेत गाइडचे पथक आहे, त्याचे चार दिवसांचे शिबिर निघाले आहे आणि त्यात तीन रात्री मुक्काम आहे. बाईंनी संमतीपत्र घरी पाठवले आहे. ताई लिहितात, “सासू म्हणते, वयात आलेली पोर रातीची बाहेर कशाला? मालक म्हणतात, दोरीला लोंबकळून पोट भरणार हाय का? तुम्ही सांगा, अंगठा उठवू का नको?”

ताई, अंगठा उठवा. मात्र शाळेला चार प्रश्न विचारून मगच उठवा. ते प्रश्न पुढे सांगते, कारण आधी सासूबाईंच्या भीतीबद्दल बोलले पाहिजे. ती भीती खोटी नाही. आपल्या लेकीबाळींच्या वाट्याला या जिल्ह्यात काय काय आले, ते म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांना हसण्यावारी नेऊ नये.

पण एक हिशेब आपण सगळ्यांनी मिळून करू या. दसरा-दिवाळी झाली की आपल्या वस्त्यांमधून कोयत्याच्या टोळ्या निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातो, कोणी कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून जावेच लागते. सोबत बारा-तेरा वर्षांची पोर असते. ती सहा महिने पाचटाच्या कोपीत झोपते. कोपीला दार नसते आणि कडीही नसते. पहाटे चारला आई-बाप फडात गेले की धाकट्या भावाला सांभाळत ती एकटीच मागे राहते. लांबून पाणी आणते, भाकरी थापते, वाढ्याची मोळी बांधते. अंधारात उघड्यावर जाते. या सहा महिन्यांच्या रात्रींना आपण ‘पोर बाहेर आहे’ असे म्हणत नाही. बाई शिक्षिकांच्या देखरेखीखाली, शाळेच्या इमारतीत, पंचवीस मैत्रिणींसोबत काढलेल्या तीन रात्रींना मात्र म्हणतो. पोटासाठी जावे लागते हे मला ठाऊक आहे, दोष कुणाला देत नाही. फक्त भीतीचे वजन कुठे जास्त पडते आणि कुठे कमी, हे ताईंच्या सासूबाईंनीही एकदा तोलून पाहावे.

याच भीतीतून दुसरी गोष्ट घडते. पोर मागे ठेवायची तर कुणाजवळ, या प्रश्नाचे उत्तर म्हणून तिचे लग्न उरकले जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांना लग्नाचे वय विचारले गेले. बीड जिल्ह्यात शंभरातल्या सुमारे 44 जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. म्हणजे वर्गातल्या जवळपास निम्म्या मुली. बाबासाहेबांनी 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत हजारो बायांना सांगितले होते की मुलामुलींच्या लग्नाची घाई करू नका. त्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्याच दिवसांत नागपूरला समता सैनिक दलाचीही परिषद भरली होती. लग्न लांबवा हे सांगणे आणि दलाची शिस्त, या दोन गोष्टी आपल्या आजी-पणजीने एकाच मांडवाच्या आसपास ऐकल्या आहेत. आज मात्र दलाच्या संचलनात मुलगे पुढे असतात आणि मुली रांगोळीला, स्वागतगीताला. हे मला खटकते.

आता गाइड म्हणजे काय ते थोडक्यात. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलांच्या स्काउटांचा मेळावा भरला होता. तिथे काही मुली न बोलावता गणवेश घालून येऊन उभ्या राहिल्या. आम्हालाही हेच शिकायचे आहे, म्हणाल्या. पुढच्या वर्षी मुलींची वेगळी संघटना निघाली. भारतात 1911 साली जबलपूरला पहिले पथक सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर 1950 साली भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था स्थापन झाली आणि 1951 साली मुलींची संघटना तिच्यात सामील झाली. लहान मुलींचे बुलबुल, दहाव्या वर्षापासून गाइड आणि मोठ्या मुलींसाठी रेंजर असे टप्पे आहेत. गाइडमध्ये प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा पायऱ्या चढत राज्य पुरस्कारापर्यंत आणि पुढे राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जाता येते. न बोलावता जाऊन उभे राहण्याची सवय आपल्या चळवळीलाही आहे, म्हणून त्या लंडनच्या पोरी मला परक्या वाटत नाहीत.

शिबिरात दोरीला लोंबकळण्याच्या आधी दोरीची गाठ शिकवतात. आपल्या पोरीला मोळी बांधता येते, म्हणजे हात तयार असतो. तिथे तिला गाठीचे नाव आणि तिचा उपयोग कळतो. बोलाइन नावाची एक गाठ आहे. तिचा फास ओढला तरी आवळत नाही. विहिरीत पडलेल्या माणसाला वर काढताना काखेखालून हीच गाठ घालतात. साधा फास घातला तर तो छातीवर आवळतो आणि माणूस गुदमरतो. उघड्या विहिरींच्या गावात ही गाठ घरातल्या प्रत्येकाला यावी, मग तो गाइड असो वा नसो.

प्रथमोपचारही तसाच. फडात साप चावला की आपल्याकडे चिरा देतात, रक्त चोखतात, सुतळीने करकचून बांधतात. यातले काहीही करायचे नसते. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचे नाही, 108 ला फोन लावायचा आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. मंत्राच्या माणसाकडे गेलेला अर्धा तास जीव घेतो. सातवीतली मुलगी हे शिकून आली आणि तिने घरात एकदा सांगितले, तरी चार दिवसांचे चीज झाले.

कडा उतरण्याचा खेळ असतो तेव्हा कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळतात, त्याला हार्नेस म्हणतात. डोक्यावर हेल्मेट असते. उतरण्याची दोरी वेगळी आणि सांभाळणारी दोरी वेगळी. ती दुसरी दोरी शिकलेल्या माणसाच्या हातात असते, पाय सुटला तरी मुलगी जागच्या जागी थांबते. पाठ मोकळ्या हवेकडे करून मागे झुकायचे असते. पहिल्या क्षणी प्रत्येकीचे पाय लटपटतात. आमच्या पोरी उसाच्या ट्रकला लावलेल्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढतात, तिथे त्यांना कोणी विचारत नाही की भीती वाटते का. इथे विचारतात. आणि नको म्हणाली तर खाली बसू देतात. हे नको म्हणता येणे मला उतरण्याइतकेच मोठे वाटते. कडा नको म्हणून पाहिलेल्या मुलीला पुढे सोयरिकीच्या बैठकीत तोंड उघडायला थोडे बळ असते.

पोट भरणार का, हा मालकांचा प्रश्न उरला. त्यांना शेजारच्या तेलंगणातली एक हकिकत वाचून दाखवा. आपले बीड आणि त्यांचे निजामाबाद हे दोन्ही एकेकाळी एकाच निजामाच्या राज्यातले जिल्हे. निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावात मालावत पूर्णा ही आदिवासी शेतमजुराची मुलगी वाढली. समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत शिकत होती. त्या शाळांचे त्या वेळचे सचिव आर. एस. प्रवीणकुमार हे तेव्हा आय.पी.एस. अधिकारी होते, स्वतः दलित कुटुंबातले. त्यांनी या शाळांमधल्या मुलामुलींना भोंगीरच्या प्रचंड कातळावर चढण्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. तिथून निवडलेल्यांना दार्जिलिंगला पाठवले, पुढे लडाखच्या थंडीत नेले. शेवटी दोघे उरले, पूर्णा आणि खम्मम भागातला दलित मुलगा साधनापल्ली आनंदकुमार. 25 मे 2014 रोजी ही दोघे तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. पूर्णा तेव्हा चौदाचीही झालेली नव्हती. एवढ्या लहान वयाची मुलगी त्याआधी तिथे पोचली नव्हती. तिरंग्याबरोबर त्यांनी बाबासाहेबांचे छायाचित्रही वर नेले होते. 2018 साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळेतली मनीषा धुर्वे हीसुद्धा सोबतच्या मुलांबरोबर एव्हरेस्ट चढून आली.

प्रत्येकीने एव्हरेस्ट चढावे असे माझे म्हणणे नाही. पण सरकारी शाळेत, सरकारी पैशाने, मजुराच्या मुलीला हे शिकवता येते एवढे त्यातून दिसले. आणि पोटाचे म्हणाल, तर राष्ट्रीय छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र किंवा स्काउट-गाइडचा राष्ट्रपती पुरस्कार काही सरकारी भरत्यांमध्ये उपयोगी पडतो. पोलीस भरतीचे मैदान मारायचे तर धावण्याची, लवकर उठण्याची सवय शाळेतच लागलेली बरी. तेवढ्यासाठीच पाठवा असे मात्र म्हणणार नाही.

आता ते प्रश्न. मुक्कामाला बाई शिक्षिका किती आहेत आणि रात्री मुलींच्या खोलीत कोण झोपणार, हे पहिले विचारा. गाइडच्या पथकाची प्रमुख बाईच असते, ती रात्रीही हजर पाहिजे. संडास कुठे आहे, त्याला आतून कडी आहे का, पाण्याची सोय काय आणि पाळी आली तर काय, हे आईने न लाजता विचारावे. दोरीचे काम कोण शिकवणार आणि ते तो कुठे शिकला, हे विचारा. नुसता उत्साही माणूस नको. जवळचा दवाखाना कोणता आणि तिथवर न्यायला गाडी कुणाची, हेही.

आणखी एक प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो, दुसऱ्या कुणाला तो सुचणार नाही. कामाची पाळी कशी लावली आहे? गाइडमध्ये सहा-आठ मुलींची एक तुकडी करतात आणि स्वयंपाक, पाणी, सफाई ही कामे तुकड्यांनी आळीपाळीने करायची असतात. पाळीचा तक्ता भिंतीवर लावायचा असतो. आपल्या वस्तीतल्या मुली रोजच झाडूवर आणि दुसऱ्या रोजच चुलीवर, असे होत असेल तर तो तक्ता वाचता आला पाहिजे आणि बाईंना दाखवता आला पाहिजे. मुलीला निघण्यापूर्वीच हे सांगून ठेवा. तक्ता नीट असला तर याच शिबिरात वेगवेगळ्या घरच्या मुली एका पातेल्यात शिजवून एका पंगतीत जेवतात. गावात जे पन्नास वर्षांत होत नाही ते तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी होऊन जाते, आणि पोरींना त्याचे विशेष वाटतही नाही.

चार दिवसांत मुलीच्या जिवाला खुपेल असे काही घडले, तर घरी आल्यावर ते तिला मोकळेपणी सांगता आले पाहिजे. “म्हणूनच नको म्हणत होते” हे वाक्य आईच्या तोंडी आले की मुलगी पुन्हा काही सांगत नाही. लहान मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक तिच्या वहीत लिहून द्या. बालविवाहाची खबरही याच क्रमांकावर देता येते.

हे सगळे लिहिताना एक अडचण दिसते आणि ती शाळेच्या नव्हे, कारखान्याच्या वेळापत्रकाची आहे. शाळा-कॉलेजांची बरीच शिबिरे हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत भरतात. तेव्हा पाऊस नसतो, सहामाही उरकलेली असते. नेमक्या त्याच वेळी ऊसतोड घरांतल्या मुली फडावर असतात. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिल्या त्या थोड्याच. म्हणजे ज्या मुलीला शिबिराची सर्वांत जास्त गरज, तिचेच नाव यादीत नसते.

याला आपल्याकडे उत्तर आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. त्या तीन महिन्यांत सगळी घरे गावात असतात, संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते, बाया-पोरी रोज येतात. भारतीय बौद्ध महासभेच्या तालुका शाखा आणि समता सैनिक दल यांनी याच काळात मुलींची तीन दिवसांची शिबिरे घ्यावीत. मुक्काम विहारात किंवा शाळेच्या खोल्यांत. गाठी, प्रथमोपचार, लाठी, नकाशा वाचणे, एक दिवस पायी सहल. बालाघाटच्या कुशीत राहतो आपण, सहलीला लांब जायला नको. धारूरचा किल्ला आहे, नायगावचे मोरांचे अभयारण्य आहे. कपिलधारला आणि सौताड्याला पावसात धबधबा कोसळतो, तो लांबून दाखवावा. पाण्यात एकीलाही उतरू देऊ नये, शेवाळ्यावरून पाय गेला की दोरी असून उपयोग नसतो. कडा उतरण्याचा खेळ ओल्या खडकावर ठेवूच नये. तो पाऊस थांबल्यावर, आश्विनात ठेवावा.

तारखा मात्र टोळ्या हलण्याच्या आधीच्या असाव्यात. कोणत्या घराने उचल घेतली आहे हे प्रत्येक वस्तीत सगळ्यांना ठाऊक असते. शिबिराच्या यादीतली पहिली दहा नावे त्या घरांतल्या मुलींची लिहावीत आणि मग बाकीच्यांची.