चौथीच्या पोरांना फोटोची काटछाट का शिकवावी

गेले काही महिने बंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये शनिवारी सुट्टी मिळाली की मी मल्लेश्वरममधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत जातो. शनिवारी सकाळची शाळा असते. चौथी-पाचवीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, आणि कॉम्प्युटरमध्ये मुख्यतः फोटो एडिटिंग. हे ऐकलं की माणसं दोन प्रकारे बोलतात. युनिटमधले म्हणतात, "वा साहेब, पोरांना रोजगार मिळेल." गावाकडचे म्हणतात, "आधी वाचायला तरी येऊ दे, मग फोटो."

रोजगाराचं म्हणाल तर, नऊ वर्षांच्या पोराला मी लग्नाचे अल्बम बनवायला शिकवत नाही. आज मोबाइलला नुसतं सांगितलं तरी तो चित्र तयार करून देतो. हे पोर मोठं होईपर्यंत फोटोच्या दुकानातलं काम काय उरेल कोण जाणे. माझं कारण वेगळं आहे. ज्याने स्वतःच्या हाताने एकदा फोटो कापला, त्यालाच दुसऱ्याने कापलेला फोटो पाहून शंका येते. ही शंका या देशात फार कमी माणसांना येते, आणि त्याची किंमत माणसं जिवाने मोजतात.

1 जुलै 2018. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवारचा बाजार होता. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षेसाठी तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी आली असं म्हणून जमावाने त्यांना ठेचून मारलं. त्याआधी 23 मे रोजी इथे बंगळुरूत, चामराजपेटेत, राजस्थानातून कामासाठी आलेल्या एका तरुणाचा असाच बळी गेला होता. त्या महिन्यांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता. दोघेजण मोटरसायकलवर येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. तो व्हिडिओ कराचीतला होता, आणि पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावं म्हणून केलेली ती जाहिरात होती. मूळ जाहिरातीत शेवटी मोटरसायकल परत येते, मुलाला खाली ठेवलं जातं आणि संदेशाचा फलक दाखवला जातो. कुणीतरी एवढंच केलं, शेवटची काही सेकंदं कापली. त्यासाठी ना महागडं मशीन लागलं, ना कसली हुशारी. माझ्या पाचवीच्या वर्गातली कुठलीही मुलगी ते दोन मिनिटांत करेल. पण हे करता येणारी मुलगी तो व्हिडिओ पाहताना "पुढे काय झालं? शेवट कुठे आहे?" असंही विचारेल. तिच्या काकांना ते सुचणार नाही, कारण त्यांच्या लेखी व्हिडिओ म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं.

याच शहराचं आणखी एक उदाहरण. ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्येकडची हजारो माणसं बंगळुरू सोडून गुवाहाटीच्या गाड्यांत बसली. एसएमएसवरून अफवा पसरल्या होत्या. त्याच दिवसांत दंग्यातले बळी म्हणून भलतेच फोटो इंटरनेटवर फिरत होते. 2010 साली तिबेटी पठारावर मोठा भूकंप झाला, तिथे मदतीला गेलेल्या भिक्खूंचा मृतदेहांमध्ये उभा असलेला फोटो कत्तलीचा म्हणून दाखवला गेला. त्या फोटोत काहीच कापलं नव्हतं, फक्त खालची ओळ बदलली होती. सरकारने शेवटी पंधरा दिवसांसाठी एका वेळी पाचपेक्षा जास्त एसएमएस पाठवायला बंदी घातली. रोगावर पट्टी बांधली म्हणायची! आमच्यासोबत ईशान्येकडचे कितीतरी जवान आहेत. त्यांच्या घरचं कुणी अशा गाडीत बसलं असतं तर काय वाटलं असतं, याचा विचार फौजी माणसाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता शिकवतो कसं ते सांगतो, कारण माजी सैनिकांना यात ओळखीचं काही सापडेल.

रंगरूट असताना फील्ड क्राफ्टचा पहिला सबक आठवा: 'चीजें क्यों दिखाई देती हैं'. आकार, छाया, चमक, बाह्यरेखा, फासला, हरकत. झुडपात लपलेला माणूस उस्ताद आपल्याला या खुणांवरून शोधायला लावायचे. जोडलेला फोटो ओळखायला यातलीच बरीचशी यादी चालते. छाया: सगळ्यांची सावली डावीकडे आणि एकट्या पुढाऱ्याची उजवीकडे, असं का? बाह्यरेखा: केसांची किनार कात्रीने कापल्यासारखी का दिसते? फासला: गर्दीत तीच लाल टोपी ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा का येते? गर्दी वाढवायला तोच तुकडा परत परत छापला की असं होतं. उस्तादांनी शिकवलेला सबक इथे कामी येईल असं मला सेवेत कधी वाटलं नव्हतं.

लेअर ही कल्पना मुलांना समजायला अवघड जाईल अशी भीती होती. तीही फौजी पद्धतीनेच सुटली. आपण नकाशावर पारदर्शक टाल्क चढवतो आणि चायनाग्राफ पेन्सिलीने त्यावर खुणा करतो. टाल्क उचलला की नकाशा जसाच्या तसा. मी एक जुना टाल्क वर्गात नेला, शाळेच्या भिंतीवरच्या कर्नाटकाच्या नकाशावर धरला आणि त्यावर एक रणगाडा काढला. टाल्क काढला, रणगाडा गायब. त्यानंतर जिम्पमध्ये लेअर काय असतो हे समजावून सांगावं लागलं नाही.

जिम्प म्हणजे फोटो एडिटिंगचं मोफत सॉफ्टवेअर, 1996 पासून आहे. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं. जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. पहिली ते तिसरीसाठी टक्स पेंट आहे, तेही मोफत. केरळच्या शाळांत मुलं जिम्प शिकतात. आपल्याकडे मात्र कॉम्प्युटरच्या तासाला अजूनही "मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड, माऊस" अशी भागांची नावं पाठ करून घेतात. रायफलीचे भाग पाठ करून घ्यायचे आणि रेंजवर न्यायचंच नाही, असला हा प्रकार. फोटो हातात दिला की मुलाला फोल्डर कळतो, फाइलचं नाव कळतं, मूळ फाइल तशीच ठेवून नव्या नावाने सेव्ह का करायचं तेही कळतं. हा शेवटचा नियम माझ्या वर्गात सगळ्यात कडक आहे: मूळ फोटोला हात लावायचा नाही. दुसरा नियम, वर्गातल्या कुणाचाही चेहरा त्याला विचारल्याशिवाय वापरायचा नाही. तो मोडला की त्या दिवशी माऊस बंद.

नुसतं मोकळं सोडून भागत नाही, हेही अनुभवाला आलेलं आहे. 26 जानेवारी 1999 ला दिल्लीच्या कालकाजीत सुगत मित्रांनी भिंतीत कॉम्प्युटर बसवला. वस्तीतली मुलं आपापली शिकली, चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये रमली. 2007 मध्ये आपल्या कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत मुलांना छोटे लॅपटॉप मिळाले, त्यात कॅमेराही होता. बटणं मुलं स्वतः शोधतात, त्याबद्दल मला शंका नाही. पण "हा फोटो कुणी काढला, कधी, कुठे, आणि चौकटीबाहेर काय राहिलं" हे विचारायला कुणीतरी मोठ्या माणसाने शेजारी बसावं लागतं.

इथलं काडु मल्लेश्वराचं देऊळ मुलांच्या रोजच्या वाटेवरचं. व्यंकोजीराजांचं नाव या देवळाशी जोडलं जातं, त्यामुळे मराठी माणसाला ते जरा जास्तच जवळचं. मुलांनी देवळाचा फोटो काढला आणि समोरच्या स्कूटर, विजेच्या तारा, कचऱ्याचा ढीग पुसून टाकले. देऊळ सुंदर दिसायला लागलं, सगळे खूश. मी विचारलं, हा फोटो खरा का? अर्धा वर्ग म्हणाला खरा, देऊळ तर तेच आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "इदु सुळ्ळु, सर." हे खोटं आहे. का, तर कचरा उचलायला आता कुणी येणारच नाही, फोटोत तो नाहीच म्हणून. माझं कन्नड तोडकं आहे, पण एवढं कळलं. आम्ही बरेच फौजी इन्स्पेक्शनच्या आधी काय काय झाकतो ते आठवून मला हसू आलं.

गावाकडच्यांचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'असर'च्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. वाचन आधी, हे मला शंभर टक्के मान्य. म्हणून प्रत्येक फोटोखाली मुलांनी दोन ओळी लिहायच्या, एक खरी आणि एक खोटी. शेजारच्याने वाचून कुठली खोटी ते ओळखायचं. ज्या मुलाला पाठ्यपुस्तक नको असतं, तोही आपल्या फोटोखाली मित्राने काय लिहिलं ते वाचतोच.

दुसरा आक्षेप मुख्याध्यापिका बाईंचा होता: "सर, खोटं कसं बनवायचं तेच शिकवताय ना?" प्रश्न रास्त आहे. पण खोटं बनवायची साधनं प्रत्येक घरातल्या मोबाइलमध्ये आधीच आहेत, आणि ती वापरायला माझी परवानगी लागत नाही. एआयने बनवलेल्या चित्रात उद्या सावल्याही बिनचूक असतील हे मला माहीत आहे; तेव्हा छाया-चमक बघून भागणार नाही. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरली, आणि ती पुढे पाठवणाऱ्यांत शिकलेली माणसं होती. माझ्या मोबाइलवरच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवरही ती आली. ज्यांनी खरा गोळीबार ऐकलाय, त्यांच्या ग्रुपवर!

मंडळी, निवृत्त होऊन गावी गेलेल्यांना एक सांगणं आहे. तुमच्या जिल्हा परिषद शाळेत कपाटात बंद कॉम्प्युटर आहेत का ते बघा. आठवड्याला एक तास पुरे, आणि एका कॉम्प्युटरवर तीनच मुलं बसवा. चौथं नुसतं बघत बसतं. कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. मागे एकदा ऐन तासाला वीज गेली, तर मी जुनी वर्तमानपत्रं, कात्र्या आणि डिंक वाटला. त्या दिवशी जेवढे फोटो जुळवले गेले तेवढे जिम्पमध्ये महिन्यात झाले नव्हते. एका पोराने क्रिकेटपटूच्या धडावर म्हैस चिकटवली आणि वर्गभर फिरून विचारत राहिला, सावली बरोबर आहे ना म्हणून.