पन्हे एक, पेले वेगळे

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकवाची आमंत्रणे सुरू होतात. कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी आणि पन्हे हा त्यांचा ठरलेला थाट. आमच्या शिक्रापूर परिसरात याच सुमारास गावोगावच्या यात्रा भरतात, पाठोपाठ लग्नसराई येते, पुण्या-मुंबईची नातवंडे सुटीला येतात. या गर्दीत पन्ह्याचे तबक फिरत फिरत घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीपाशी येते आणि तेथे अडखळते. ‘आईंना मधुमेह आहे, त्यांना नको,’ असे कोणीतरी म्हणते; किंवा ‘सणाच्या दिवशी एका पेल्याने काय होते,’ असे म्हणत काठोकाठ भरलेला पेला त्यांच्या हाती देते. दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी पन्हे करण्याचा क्रम तेवढा बदलावा लागतो.

मुळात ज्येष्ठांना पेय नाकारणे हीच उन्हाळ्यातील मोठी जोखीम आहे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीरातील पाण्याचा साठा तरुणपणापेक्षा कमी झालेला असतो आणि पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडांची क्षमताही घटलेली असते. त्यात रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, तर पाणी आणि क्षार दोन्ही अधिक बाहेर जातात. रात्री उठावे लागेल या धास्तीने अनेक आजी-आजोबा दुपारपासूनच पाणी तोडतात, हे मी दर उन्हाळ्यात ऐकतो. म्हणून ‘तहान लागली का?’ असे विचारण्यात फारसा अर्थ नाही. जीभ कोरडी पडली आहे का, लघवी गडद पिवळी होते का, उठताना तोल जातो का, बोलण्यात अचानक विसंगती आली आहे का, हे पाहावे. मोठा पेला एकदम पुढे करण्यापेक्षा दर तासा-दीड तासाने शंभर-सव्वाशे मिलिलिटरचा लहान पेला द्यावा, तो संपतो.

आता पन्ह्याकडे वळू. दोन मध्यम कैऱ्या स्वच्छ धुऊन कुकरमध्ये वाफवाव्यात, साल काढून गर कुस्करावा आणि गाळून घ्यावा. साधारण एक वाटी गर निघतो. पुदिन्याची दहा-पंधरा पाने आणि तुळशीची चार-पाच पाने थोड्या पाण्याबरोबर वाटून त्यात मिसळावीत. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि वेलदोडा. येथे थांबावे. पातेल्यात गूळही नाही आणि मीठही नाही. सव्वा लिटर पाणी घेतले, तर या गरात सहा पेले होतात. गूळ वेगळ्या वाटीत पाण्यात विरघळवून ठेवावा, मीठ बाजूला ठेवावे आणि ज्याचा त्याचा पेला शेवटी पुरा करावा.

गुळाविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. दौंडकडच्या गुऱ्हाळांचा ताजा गूळ आपल्याकडे सहज मिळतो आणि ‘साखर नाही, गूळ घातला आहे’ हे वाक्य मधुमेही रुग्णांना आग्रहाने ऐकवले जाते. गुळात लोह आणि इतर काही खनिजे अल्प प्रमाणात असतात हे खरे. परंतु त्याचा मोठा भाग साखरच आहे आणि रक्तातील साखर तो साखरेप्रमाणेच वाढवतो. सेंद्रिय गुळालाही हेच लागू. वरच्या मापाला शंभर ग्रॅम गूळ घातला, तर प्रत्येक पेल्यात सुमारे सोळा ग्रॅम, म्हणजे तीन चमच्यांहून अधिक जातो. अनेक घरांत गराच्या दुप्पट गूळ घालतात. तेथे हिशेब कोठे जातो ते वाचकांनीच करून पाहावे. नगर रस्त्यावर घुंगरांचा नाद ऐकून रसवंतीपाशी गाडी थांबवणाऱ्या मधुमेही गृहस्थांनीही तो करावा.

मधुमेही व्यक्तीच्या पेल्यात गर निम्मा घालावा, म्हणजे आंबटपणा सोसवतो. पुदिना आणि वेलदोडा किंचित जास्त चालतो. साखर आटोक्यात असेल, तर सपाट एक चमचा गूळ त्या दिवसाच्या जेवणाच्या हिशेबात धरून घालता येईल. समारंभात सर्वांसारखाच पेला हाती येणे ही साधी गोष्ट नाही. नव्वदीच्या घरातील माणसाला पथ्यापेक्षा वगळले जाणे अधिक लागते.

एक अपवाद मात्र काळजीवाहकांनी पक्का लक्षात ठेवावा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला अचानक दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, भ्रम झाला, तर तो उन्हाचा त्रास समजून बिनगुळाचे पन्हे देऊ नये. रक्तातील साखर उतरलेली असू शकते. शुद्ध असेल व गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडाने काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मिठाचे गणित वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी असावे. सैंधव आणि पादेलोण यांतही सोडियम असतेच. सहा पेल्यांना मिळून पाव चमचा मीठ पुरते. रक्तदाब असलेल्यांच्या पेल्यात तेही न घातल्यास चवीत फारसे उणे वाटत नाही, जिरे ती बाजू सांभाळते. हृदयाची क्षमता कमी झाली आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, अशांना दिवसाच्या पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असते. पन्ह्याचा पेला त्या प्रमाणातच मोजावा. मूत्रपिंडाच्या रुग्णांना शहाळ्याचे पाणी ‘नैसर्गिक’ म्हणून पाजू नये, त्यात पोटॅशियम भरपूर असते.

पक्षाघात किंवा कंपवातानंतर ज्यांना पाणी पिताना ठसका लागतो, त्यांना आडवे असताना काहीही पाजू नये. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, चमच्याचमच्याने द्यावे. सब्जा त्यांच्या पेल्यात नको. इतरांसाठीही तो पंधरा-वीस मिनिटे भिजवून पुरता फुगलेलाच वापरावा. कोरडा सब्जा घशात फुगून अडकू शकतो.

भांड्याचे म्हणाल, तर सणाच्या हौसेने पन्हे तांब्या-पितळेच्या घागरीत भरून ठेवण्याचा मोह आवरावा. आंबट पदार्थात धातू उतरतो आणि मळमळ-उलट्या होतात. स्टीलचे वा काचेचे भांडे उत्तम. गारव्यासाठी वाळ्याची स्वच्छ धुतलेली जुडी माठात टाकून तेच पाणी वापरावे. बाजारातील लादीचा बर्फ पेल्यात नको. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आपल्या राज्यात २०१८ मध्ये झाला, पण गाडीवरच्या बर्फाचा रंग पाहायला थांबतो कोण?

जुलाब-उलट्या होत असतील, तर पन्हे किंवा सरबत हा उपचार नव्हे. तेथे जलसंजीवनीचेच पाकीट, त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-पाण्याच्या अशाच मोजून केलेल्या मिश्रणाने असंख्य जीव वाचवले. अंदाजाने घातलेला गूळ आणि मीठ तेथे उपयोगी नाही. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात.

बिनगुळाचा गर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. बर्फाच्या साच्यात गोठवला तर बराच अधिक. कैरीचा हंगाम सरला की कोकम आहेच. मात्र दुकानात दोन बाटल्या शेजारी उभ्या असतात. अमृतकोकम म्हणून मिळतो तो साखरेचा पाक. आगळ बिनसाखरेचे असते, पण ते टिकवण्यासाठी त्यात मीठ भरपूर घातलेले असते. मधुमेहीने पहिली बाटली टाळावी, रक्तदाबाच्या रुग्णाने दुसरी. ज्यांना दोन्ही आजार आहेत, त्यांच्यासाठी चार-पाच सुकी आमसुले धुऊन पेलाभर पाण्यात तासभर भिजत घालावीत, गाळून त्यात जिरेपूड टाकावी. आमसुलांना वरून मीठ लावलेले दिसले, तर धुण्याचे पहिले पाणी फेकून द्यावे.